विग की टॉपर? बडोद्यातल्या बायका मला नेहमी विचारतात ते प्रश्न

दांडिया बाजारात एक अरुंद जिना चढून वर आलं की माझं पार्लर. पूर्वी बायका आयब्रो आणि फेशियलसाठी यायच्या. आता आठवड्यातून दोघी-तिघी अशा येतात की आधी दार लोटून घेतात, डोक्यावरची ओढणी खाली करतात आणि हळूच विचारतात, "ताई, यावर काही होईल का?" मी स्वतः सात वर्षं टॉपर, म्हणजे माथ्यापुरता केसांचा तुकडा, लावते, त्यामुळे त्यांना माझ्यापुढे ओढणी काढायला तितकं जड जात नाही. मी डॉक्टर नाही. केसांचं काम करणारी आणि केस गेलेली बाई म्हणून जे समजलं ते इथे लिहिते.

केस पुंजक्यांनी गळताहेत. लगेच विग घेऊ का?

थांबा. आधी केस का जाताहेत ते कळू द्या, कारण त्यावरच सगळी खरेदी अवलंबून आहे. रोज ५० ते १०० केस गळणं हे चालायचंच. पण टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा कडक डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम मूठमूठ येऊ लागतात. तापाचा आणि याचा संबंध बाईच्या लक्षातच येत नाही, कारण मध्ये इतके दिवस गेलेले असतात. हे केस बहुतेक वेळा सहाएक महिन्यांत सावरतात. अशा बाईने वीस हजारांचा विग घेतला तर तो कपाटात राहणार.

चाई म्हणजे रुपयाएवढे गुळगुळीत गोल चट्टे. तिथे शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच उलटलेली असते. त्यावर उपचार आहेत आणि केस परतही येतात, पण पुन्हा जाऊही शकतात. भांग वर्षानुवर्षं रुंद होत जातो आणि कपाळावरची रेषा मात्र जागच्या जागी असते, ते बायकांचं टक्कल. ते हळू चालतं आणि लांबचा मुक्काम ठेवून येतं. थायरॉइड, लोह कमी असणं, पीसीओडी हीही नेहमीची कारणं. वर्षानुवर्षं घट्ट वेणी किंवा ताणून बांधलेला अंबाडा घालणाऱ्यांचे कानशिलावरचे केस जातात, तो प्रकार वेगळा.

एक गोष्ट मात्र अजिबात लांबणीवर टाकू नका. टाळूला आग होते, दुखतं, लाली किंवा खवले आहेत आणि केस गेलेल्या जागी कातडी चकचकीत, छिद्रं बुजल्यासारखी दिसते, असं असेल तर त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. त्या प्रकारात मूळच मरतं आणि मेलेलं मूळ परत येत नाही. खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर आपल्या सयाजी हॉस्पिटलात त्वचेची ओपीडी आहे. रांग असते, पण आहे.

टॉपर म्हणजे काय? आणि मला पूर्ण विग लागेल की टॉपर पुरेल?

टॉपर, कोणी पॅचही म्हणतं, म्हणजे फक्त माथ्यापुरता केसांचा तुकडा. खाली चापासारख्या बारीक क्लिपा असतात. तुमचे बाजूचे आणि मागचे केस तुमचेच राहतात आणि टॉपरचे केस त्यांच्यात मिसळतात. विग पूर्ण डोकं झाकतो.

सोपी परीक्षा सांगते. क्लिप लावायच्या जागी, म्हणजे विरळ भागाच्या कडेला, धरून ठेवतील इतके केस आहेत का? असतील तर टॉपर. नसतील, किंवा चट्टे डोकंभर पसरलेले असतील, तर विग. फक्त शेपटा बारीक झालाय आणि माथा ठीक आहे, तिला यातलं काहीच नको. तिला लागेल गंगावन. आपल्या आज्या वेणीत गंगावन घालून हळदीकुंकवाला जायच्या आणि त्यात कुणाला काही वाटत नसे. आता त्याला एक्स्टेन्शन म्हणतात आणि किंमत दहापट घेतात.

क्लिपांनी आहेत ते केसही जातील ना?

रोज त्याच जागी, घट्ट, बारा-बारा तास लावल्या तर हो. ताणाने केस जातात हे वर लिहिलंच आहे. म्हणून क्लिपेची जागा दर काही दिवसांनी अर्धा-एक इंच सरकवायची, घरी आल्यावर टॉपर काढायचा, रात्री तर अजिबात ठेवायचा नाही. क्लिप लावल्यावर डोकं जड वाटायला हरकत नाही, पण दुखता कामा नये. दुखत असेल तर टॉपर मोठा झालाय किंवा जड आहे.

सिंथेटिक घ्यावा की खऱ्या केसांचा?

तुमचा दिवस कसा जातो ते आधी सांगा. सिंथेटिक विग धुतला तरी त्याची घडण तशीच राहते, हलका असतो, स्वस्त असतो. पण उष्णतेला तो घाबरतो. कुकरची वाफ, फोडणीचा धूर, ओव्हनचं दार उघडल्यावर येणारा झोत यांनी समोरच्या बटा अशा आखडतात की पुन्हा सरळ होत नाहीत. माझ्याकडे एक काकू आल्या होत्या, नव्या विगला पंधरा दिवस झालेले. कपाळावरचे केस झाडूच्या टोकासारखे. "पुरणपोळ्या केल्या हो होळीच्या," म्हणाल्या. तव्यावर वाकून तीन तास! विगचा काय दोष. हीट-फ्रेंडली म्हणून विकतात ते तंतू थोडी जास्त उष्णता सोसतात, पण तव्यापुढे तेही टिकणार नाहीत.

खऱ्या केसांचा टॉपर वळवता येतो, इस्त्री करता येतो, वाऱ्यावर आपल्या केसांसारखा हलतो. पण त्याची सेवाही आपल्या केसांसारखीच करावी लागते. पावसाळ्यात तो फुगतो, उन्हाने तांबूस होतो आणि धुतल्यावर दर वेळी बसवावा लागतो. रोज वापरला तर सिंथेटिक साधारण चार ते सहा महिने, खऱ्या केसांचा नीट ठेवला तर वर्षभर किंवा त्याहून जास्त.

रोज बाहेर जाणारीला मी खऱ्या केसांचा सांगते. चार लग्नं आणि गणपती एवढ्यापुरता हवा असेल तर सिंथेटिकमध्ये पैसे वाचवा.

खरे केस म्हणून सिंथेटिक तर गळ्यात मारत नाहीत ना?

मारतात. दुकानातच एक-दोन केस मागून घ्या आणि काडी लावा. खरा केस चुरचुरत जळतो, पीस जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चोळल्यावर राख होते. सिंथेटिक वितळतो आणि टोकाला कडक मणी उरतो. दुकानदार काडी लावू देत नसेल तर पाणी प्या आणि घरी या.

खऱ्यातही दोन जाती. रेमी म्हणजे ज्यात सगळ्या केसांची मुळं एका बाजूला आणि टोकं दुसऱ्या बाजूला ठेवलेली असतात. डोक्यावरून एकत्र कापलेले केस, तिरुपतीला मुंडण करून वाहिलेले केस या प्रकारात येतात. तिथलं देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं आणि तो माल जगभर जातो. दुसरी जात गुंतवळाची. फणीतून निघालेला गुंता घेऊन त्यावर फुगे किंवा भांडी देणारे फेरीवाले आठवतात ना? तो गुंतवळही विकला जातो. त्यात मुळं आणि टोकं उलटसुलट असतात, म्हणून केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात. ते टाळायला केस आम्लात घालून खवले काढतात आणि वर सिलिकॉनचा थर देतात. दुकानात असा विग रेशमासारखा लागतो. चार-पाच धुण्यांत थर जातो आणि मग मानेपाशी जो जट धरतो तो सुटत नाही. म्हणून अति चकाकणाऱ्या केसांकडे मी संशयानेच बघते.

बेसची नावं खूप सांगतात. त्यातलं काय महत्त्वाचं?

बेस म्हणजे ज्यावर केस बसवलेले असतात ती टोपी किंवा जाळी. महत्त्वाचं म्हणाल तर तुमचा भांग कुठे दिसणार तेवढंच. साध्या मशीनच्या टोपीत केसांच्या पट्ट्या शिवलेल्या असतात. भांग वेगळा केला की आत शिवण दिसते. मोनो बेसमध्ये बारीक जाळीवर एकेक केस हाताने ओवलेला असतो, त्यामुळे खालून तुमची स्वतःची कातडी दिसते आणि भांग हवा तिथे पाडता येतो. सिल्क बेसमध्ये गाठी कापडाखाली लपतात. दिसायला सगळ्यात सुरेख, पण जाड आणि गरम. बडोद्याच्या मे महिन्यात सिल्क बेस लावून मंगळ बाजारात फिरून बघा, मग कळेल. पुढची रेषा उघडी ठेवून केस मागे घ्यायचे असतील तर कपाळाशी लेस, म्हणजे बारीक जाळीची कड, हवी. कपाळावर बटा ठेवणार असाल तर लेसवर पैसे घालवू नका.

रंग आणि दाटपणा कसा निवडू?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि बहुतेकींचं इथेच बिनसतं. माझंही बिनसलं होतं.

माझा पहिला विग मी दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून घाईत घेतला. माझ्या लग्नाच्या फोटोतल्यासारखे केस मला परत हवे होते. दुकानदाराने बरोबर ओळखलं आणि कमरेच्या जरा वर येणारा, काळा कुळकुळीत, भरघोस विग डोक्यावर ठेवला. आरशात मला रडू आलं, आनंदाचं. बिल केलं, घरी आले. सासूबाईंनी वर बघितलं, काही बोलल्या नाहीत, चहा ठेवला. मग म्हणाल्या, "छान आहे. पण अगं, भुवया तुझ्या पंचेचाळीसच्या आणि केस वीसचे." त्यांच्याइतकं नेमकं मला नंतर कुणीही सांगितलं नाही.

डेन्सिटी, म्हणजे केस किती दाट, याचा टक्क्यांतला आकडा असतो. १५० ते १८० म्हणजे जाहिरातीतले केस. चाळिशीच्या पुढच्या बाईच्या डोक्यावर १०० ते १२० खरं दिसतं. आधीच दाट विग घेतला असेल तर चांगल्या कात्रीवालीकडून आतून विरळ करून घ्या. लोकांची नजर सहसा केसांवर जातच नाही, भांगाच्या रेघेवर आणि कपाळाच्या कडेवर जाते. तिथे केस थोडे कमी, थोडे वेडेवाकडे असले की कुणाला शंका येत नाही. कानाजवळ दोन-चार बारीक केस सुटलेले असू द्या.

रंग दिवसाच्या उजेडात बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको. आपले केस अगदी काळे क्वचितच असतात, उन्हात धरले तर गडद तपकिरी दिसतात. टॉपरचा रंग तुमच्या केसांच्या टोकांशी जुळवा, कारण मिसळायचं तिथेच आहे. पांढरे असतील तर पाच-दहा टक्के पांढरे मिसळलेला टॉपर मिळतो. तो मागायला लाजू नका.

माप घरी घेता येतं का?

येतं. मऊ टेप घ्या. कपाळाच्या केसांच्या रेषेपासून कानामागून मानेच्या खळगीवरून परत पुढे. बायकांचं माप बहुतेक ५४ ते ५७ सेंटिमीटरमध्ये येतं. आत पट्टे असतात, थोडं कमी-जास्त होतं. टॉपरसाठी ओल्या केसांनी उजेडात उभं राहून विरळ भाग मोजा आणि चारी बाजूंनी अर्धा-एक इंच वाढवा. फार मोठा घेतलात तर चांगले केस उगाच झाकले जातील.

खर्च किती धरायचा?

सिंथेटिक विग दोन हजारांपासून आठ-दहा हजारांपर्यंत. खऱ्या केसांचा टॉपर साधारण सात-आठ हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत. खऱ्या केसांचा पूर्ण विग वीस हजारांपासून सुरू होतो आणि लांबी वाढली की पन्नास हजारांच्याही पुढे जातो. दोन इंच लांबी कमी केलीत तर पैसेही वाचतात आणि गुंताही. ऑनलाइन घेताना परत घेण्याची अट वाचा. डोक्यावर लावलेला विग बहुतेक दुकानं परत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ट्रायलसाठी जाताना आपली पातळ टोपी बरोबर न्या, आणि एक मोकळ्या तोंडाची मैत्रीण.

मेडिक्लेममधून सहसा काही मिळत नाही. केमो किंवा चाईसाठी असेल तर डॉक्टरांकडून लेखी घेऊन विचारून बघायला काही जात नाही.

चिकटवून देतात, महिनाभर काढायचंच नाही म्हणतात. ते कसं?

पोहता येतं, झोपता येतं, ही लालूच खरी आहे. पण त्यासाठी बेसखालचे तुमचे केस बहुतेक वेळा काढावे लागतात, आणि दर तीन-चार आठवड्यांनी सर्व्हिसिंगला जाऊन बेस काढणं, टाळू साफ करणं, पुन्हा गोंद किंवा टेप लावणं आलं. हा खर्च सुरुवातीच्या कोटेशनमध्ये नसतो, विचारून घ्या. गोंद लावण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास बघा. खाज, पुरळ आली तर विषय तिथेच संपला. ज्यांना घाम फार येतो, टाळूला कोंडा किंवा बुरशी आहे, त्यांना मी हे सुचवत नाही. पुरुषांना हा प्रकार जमतो. बायकांच्या उरलेल्या चांगल्या केसांवर वस्तरा फिरवायला माझा हात धजत नाही.

केमो सुरू होणार आहे. विग कधी घेऊ?

पहिल्या डोसच्या आधी. सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत, म्हणून डॉक्टरांना आधी विचारा. जाणार असतील तर साधारण दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात आणि तेव्हा दुकानात जायचं त्राण नसतं. आत्ताच तुमच्या केसांचा, भांगाचा फोटो काढून ठेवा आणि एक बट जपा, रंग जुळवायला. मग केस आखूड कापा. लांब केस उशीवर पडताना बघण्यापेक्षा आखूड पडताना बघणं सोपं जातं. माझ्या नणंदेच्या वेळी आम्ही हे केलं नाही, म्हणून सांगते.

हलका, आखूड सिंथेटिक विग पुरतो, कारण औषध संपल्यावर तीन ते सहा महिन्यांत बऱ्यापैकी केस येतात. कधी कुरळे येतात, कधी वेगळ्या रंगाचे. आत मऊ सुती टोपी घाला, टाळू तेव्हा हळवी असते. गोंद आणि टेप या दिवसांत नकोच. आणि विग न घालता सुती ओढणी बांधून फिरावंसं वाटलं तर तशा फिरा. वन्संनी चार हजारांचा विग घेतला आणि दोनदा घातला.

नवरात्रात गरबा खेळता येईल का?

हा प्रश्न ऑगस्टपासून सुरू होतो. बडोद्यात राहून नऊ रात्री घरी बसा असं कोण सांगणार! खेळता येतं, तयारी लागते. टॉपर असेल तर क्लिपा लावण्याआधी मुळाशी थोडे केस उलटे विंचरा, पकड बसते. पूर्ण विगखाली मखमली पट्टी लावा, ती सरकू देत नाही. केस मोकळे नको, खालच्या बाजूला सैल वेणी किंवा अंबाडा. आणि दामणी, टिका हे डोक्यावरचे जड दागिने विगच्या लेसला पिनने अडकवू नका. तीन टाळ्यांच्या गरब्याच्या फिरकीत दामणी एकीकडे आणि लेस दुसरीकडे ओढते आणि जाळी फाटते. ते आपल्या केसांत अडकवा, नसतील तर ओढणीला.

घरी आल्यावर कितीही दमलात तरी ओला विग डब्यात टाकू नका. उलटा करून पंख्याखाली ठेवा. नऊ दिवसांसाठी एक स्वस्त सिंथेटिक वेगळा ठेवणाऱ्या बायका मला सगळ्यात शहाण्या वाटतात.

ॲक्टिवावर उडेल का? उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, गच्चीवर?

आपल्याकडे मुली ओढणी तोंडाभोवती बुकानी बांधून गाडी चालवतात, ती विगसाठी वरदान आहे. आधी ओढणी, वर हेल्मेट. हेल्मेट काढताना पुढून मागे ओढू नका, दोन्ही हातांनी सरळ वर उचला. गच्चीवर वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहा. पाठीवर वारा घेतलात की टॉपरचा मागचा काठ उघडा पडतो.

धुवायचा कसा? तेल लावू का?

तेल नको. इतक्या वर्षांची सवय, कळतं मला, पण टॉपरला मूळ नाही, तेल पिणार कोण? टाळूला लावायचं तर रात्री लावा आणि सकाळी धुऊन मगच टॉपर. डॉक्टरांनी टाळूला लावायचं औषध दिलं असेल तर ते पूर्ण सुकल्यावर.

दहा-बारा वेळा घातल्यावर एकदा धुवा. आधी रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर सोडवत जा. थंड पाण्यात शाम्पू मिसळून त्यात बुडवा, चोळू नका, पिळू नका. बोअरच्या जड पाण्याने केस खरखरीत होतात, शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने करा. खऱ्या केसांना कंडिशनर फक्त टोकांना. मुळाशी लावलात तर गाठी सैल होऊन केस निसटतात. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा आणि स्टँडवर सावलीत वाळवा. स्टँड नसेल तर उलटा ठेवलेला स्टीलचा डबा चालतो. माझा साबुदाण्याचा डबा याच कामाला आहे.

गजरा माळता येईल? नऊवारीवर खोपा?

हो. खंडेराव मार्केटातून गजरा आणा, पण ओला लगेच माळू नका, पाणी झटकून घ्या. आकडे अंबाड्याच्या केसांत घाला, बेसमध्ये नको. भांगात कुंकू भरत असाल तर जाळीवर डाग कायमचा बसतो, तेव्हा कोरडं नको, पेन्सिलसारखी कांडी मिळते तिने कातडीवर रेघ ओढा. खोप्यासाठी तयार खोपा मिळतो, उगाच टॉपरला पिळू नका.

केसांचं ट्रान्सप्लांट केलं तर ही कटकटच नको ना?

काहींना जमतं. पण मागून केस काढून पुढे लावायचे तर मागचे दाट हवेत, आणि बऱ्याच बायकांचे सगळीकडूनच विरळ झालेले असतात. चालू असलेल्या चाईत तर लावलेलेही जाऊ शकतात. त्वचेच्या डॉक्टरांचं मत आधी, सेंटरचं नंतर.

दवाखान्यात काढावा लागतो का?

एमआरआयला नक्की. क्लिपा धातूच्या असतात. ऑपरेशनच्या आधीही सांगा. पर्समध्ये सुती टोपी ठेवा.

मुलीचं लग्न ठरतंय. तिला चाई आहे, टॉपर लावते. मुलाकडच्यांना सांगावं का?

आयांनो, सांगा, आणि सुपारी फुटायच्या आधी सांगा. तेही तुम्ही नको, तिला मुलाशी बोलू द्या. एक मुलगी माझ्याकडून सरळ गेली, कॉफीला बसली आणि टॉपर काढून टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "माझाही भुवईत एक चट्टा आहे, बघ." दुसऱ्या एका घरातून नकार आला. आईला वाईट वाटलं, मुलीने पेढे आणले.

जुन्या विगचं काय करायचं?

वापरलेला विग आजारी माणसाला देऊ नका, विशेषतः केमोवाल्यांना. खऱ्या केसांचा असेल तर मी त्यातल्या धड पट्ट्या कापून अंबाड्यासाठी गंगावन करून देते. सिंथेटिक स्वयंपाकघरात नको, बाकी घरात घालायला ठेवा.

माझा तो पहिला कुळकुळीत विग वर्षानुवर्षं पिशवीत होता. गेल्या गणपतीत आमच्या वाड्यातल्या मुलांनी नाटक बसवलं, त्यात राणीला केस हवे होते. राणी झालेला आठवीतला मुलगा प्रवेश संपल्यावरही तो काढायला तयार नव्हता. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "याला शोभला बघ."